पर्यायी

विट्याच्या तहसीलपासून शंभर मीटरवर
फक्कीची रेघ मारलीय.
हलगी तिथं थांबते, गाड्या थांबतात.
आत फक्त पाचजण.
मी पाचवी.

दरवेळी मीच असते पाचवी.
यांच्या अर्जामागं माझा अर्ज.
न जाणो, यांची एखादी सही राहिली,
न जाणो, छाननीत कुणी बोट ठेवलं,
तर घरातलं तिकीट घरात राहावं.
लोक डमी म्हणतात.
कागदावर : पर्यायी उमेदवार.

परवापर्यंत दुसरा पक्ष होता.
त्या रंगाची सात उपरणी मी इस्त्री करून ठेवली होती.
रात्री अकराला यादी आली, यांचं नाव नव्हतं.
पहाटे पाचला कराडच्या रस्त्यानं एक गाडी आली,
तिच्यातून एबी फॉर्म, आणि नवी उपरणी,
गोदामाचा वास न गेलेली.
धाकट्या दिरानं फ्लेक्सवरचे वरच्या ओळीतले चेहरे
दुपारपर्यंत बदलून आणले.
खाली हे, हात जोडलेले,
तसेच.

अर्जाला माझे आठ फोटो काढले. लागले दोन.
फोटोवाला म्हणाला होता,
सरळ बघा वहिनी, हसू नका.

वकील आवटे शपथपत्र भराभर वाचत गेले.
गुन्हे : निरंक.
सोनं : बावीस तोळे
(मी मनात मोजलं, चौदाच भरलं).
ट्रॅक्टर एक. सोसायटीचं कर्ज.
भाळवणीच्या हद्दीत दीड एकर,
नावे, सौ. हेमलता.
थांबा, मी म्हटलं, कुठली जमीन?
हे खिडकीबाहेर बघत होते.
आवटे म्हणाले, मुहूर्त बारा सतराचा आहे.
मी सही केली.

छाननीला साहेबांनी नाव पुकारलं, पूर्ण :
हेमलता शिवदास मुळीक.
हजर, म्हटलं मी, शाळेतल्यासारखं,
आणि उभीच राहिले.
मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध,
सबब पर्यायी अर्ज बाद.

सबब.
शब्द बरा वाटला.
लग्नापासूनच्या कितीतरी गोष्टींपुढं
तो लावून बघितला, बसत गेला.

बाहेर फटाक्यांची माळ.
यांना कुणीतरी खांद्यावर घेतलं,
गर्दी स्टँडकडं वळली.
माझ्या चपलांना फक्की लागलेली.
पर्समध्ये सहा फोटो, न हसणारे.

कोपऱ्यावर वडाप भरत होतं.
मी विचारलं,
भाळवणीला
एक सीट आहे का?