खळं

वायमेआ गावात रात्री दीड वाजता
गाई ओल्या कुरणात बसून रवंथ करताहेत
आणि मी भिंतीला पाठ टेकून
डोंगरावरच्या आरशाकडून येणारे आकडे बघतेय.
आरसा जवळजवळ चौदा हजार फुटांवर,
मी इथे खाली, स्वेटरमध्ये.

इओकेपा घुमट उघडतो.
उघडण्याआधी क्षणभर गप्प बसतो, दर रात्री.
त्याची मावशी रस्त्यात बसली होती,
या डोंगरावर आणखी दुर्बीण नको म्हणून.
तो त्याबद्दल बोलत नाही, मीही विचारत नाही.
मग म्हणतो, "घे, तारा तुझा."

तारा मला नकोच आहे.
तारा म्हणजे लग्नघरातला लाऊडस्पीकर,
त्याच्याशेजारी कुणी कुजबुजतंय, ते ऐकायचंय.
म्हणून त्याला वजा करायचं,
फिरवून वजा, पुन्हा फिरवून वजा,
तरी त्याच्या उजेडाचे डाग राहतातच
करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखे.

आणि डागांच्या मधोमध एक ठिपका:
गुरूहून कितीतरी जड, वय पन्नास लाख वर्षं,
म्हणजे अजून टाळूही भरली नाही.
आतल्या धगीनं लाल,
डोळ्याला न दिसणारं लाल.
त्याच्याभोवती वायू फिरतोय का,
एवढंच विचारायला आलोय.

आप्पा चंद्राकडे बघून सांगायचे:
खळं लांब, तर पाऊस जवळ.
खळं जवळ, तर पाऊस लांब.
दुसरं खळं घरामागे, शेणानं सारवलेलं,
मध्ये तिवडा, भोवती बैल गोल गोल,
धुरळा बसला की ज्वारीची रास.
दोन्हींना एकच शब्द का, हे तेव्हा सुचलंच नाही.
आज अर्जात 'डिस्क' लिहिताना हात अडखळला.
त्या धुरळ्यातूनच
पुढे त्याचे चंद्र निघायचेत.

पहाटे तीनला वर धुकं चढलं.
इओकेपानं घुमट बंद केला.
हाती चाळीस मिनिटं.
कार्बन मोनॉक्साइड असता तर
वर्णपटात जिथं पायरी उठायला हवी
तिथं काहीतरी आहे.
पायरी नाही म्हणता येणार.
अंधारात ठेच लागावी इतकंच.
नुसता गोंगाटही असेल.

नोंदवहीत 'सापडलं' लिहीत नाही.
'पुन्हा बघणे' लिहिते, तारीख घालते.

बाहेर पार्किंगच्या दिव्याला खळं पडलंय,
अगदी लगटून.
आप्पांच्या हिशेबानं पाऊस लांब आहे.
केस भिजताहेत.