चार बोटं

पहिल्या फ्लॅटमध्ये भाट्याचा समुद्र आरशातसुद्धा होता,
पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस, चोचीला चोच,
भोवती प्लास्टिकच्या पाकळ्या.
एजंट सुर्वे म्हणाला, "जोडप्यांना हाच लागतो."
तू एक हंस उलगडलास, ओल तपासलीस,
पुन्हा घडी घालायला गेलीस
तर त्याचा झाला ससा.

दुसरा मांडवीजवळ. लिफ्ट बंद.
भाडं ऐकून दोघांनीही एकदमच खिडकीबाहेर पाहिलं,
लग्नानंतरचं आपलं पहिलं एकमत.

तिसरा मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागे.
हमीदा सोलकर पदराच्या गाठीतली किल्ली सोडवत म्हणाल्या,
"दर्या दिसायचा नाय हां, आधीच सांगते."
ओट्यावर कुणीतरी मागे सोडलेली अर्धी चहापूड,
आगळाची बाटली,
आणि आत दोन एकेरी खाटा, जोडून ठेवलेल्या.
मध्ये चार बोटं फट.

मी ओशाळून काही बोलणार
तोवर तू फटीत हात घातलास
आणि वर काढलीस कुणाची तरी केसांची पिन.
ती स्वतःच्याच केसांत खोचून म्हणालीस,
"हाच घेऊ."
का, ते मी विचारलं नाही.
अकरा दिवसांच्या ओळखीत
किती म्हणून विचारायचं?

पहाटे तीनला ट्रॉलर सुरू झाले.
भिंत थरथरली, खाटा सरकल्या,
चाराची पाच बोटं झाली.
अंधारात तू म्हणालीस, "जागा आहेस?"
"आहे."
मग बराच वेळ
खाली बर्फ फुटत राहिला.