फजलदादचा उजवा कान

कीथलीच्या क्लिनिकात दर मंगळवारी
मी माणसांचं बहिरेपण मोजते.
पेशंटला खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे,
टूं वाजलं की बटण दाबा, एवढंच.
फजलदादनं टूं वाजायच्या आधीच दाबलं.
"अंदाज," म्हणाला, "सम कुठं येणार ते कळतं."

पुन्हा सुरुवात.

आलेख आला. खर्जाकडं सगळं शाबूत,
चार हजार हर्ट्झपाशी कडाच कोसळलेली.
मागावरच्या माणसाचा कान असाच दिसतो.
बावीस वर्षं लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी,
माग उजव्या हाताला, म्हणून उजवा जास्त.
माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं,
चाचा, घडा ऐकू येईल तुम्हाला,
नात ऐकू येणार नाही.

तो हसला. "घडा तर फुटला."

हीथ्रोवर फुटला, त्र्याहत्तर साली,
कस्टमवाल्यानं आत हात घालून बघताना.
मग तो आणि लाल हुसैन स्किप्टनच्या बाजारात
कुंड्या वाजवत हिंडले, अंगठीनं, एकेक करून.
दुकानदारीण बघत राहिली.
एकही सुरात नव्हती.
शेवटी कांद्याच्या लोणच्याची एक दगडी बरणी सापडली,
तिच्यावर सात कॅसेटी निघाल्या.

कॅसेटी किराण्याच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांशेजारी.
मुखपृष्ठावर तो, मागे कॉर्टिना. गाडी मेहुण्याची.
शनिवारी लग्नं, पहाटेपर्यंत शेर,
पाच पौंडांच्या नोटा खिशात कोंबून
सोमवारी रात्री परत धाग्यांपाशी.
हजहून आल्यावर अकरा वर्षं गायला नाही.
मग पुन्हा का गायलात?
त्यानं मान दुसरीकडं वळवली.
ऐकू आलं नसावं.

गाव कुठलं, हे मी फॉर्मसाठी विचारलं.
"पाण्याखालचं."
मंगला धरणात गेलं. हिवाळ्यात पाणी उतरलं
की दर्ग्याचा घुमट वर येतो, लोक दिवा लावून येतात.
मी म्हटलं, माझ्या वडिलांचंही. उजनीत.
मे महिन्यात देवळाचं शिखर दिसतं.
मला वाटलं, आता तो काहीतरी मोठं बोलेल.
"मोबदला मिळाला?" त्यानं विचारलं.
केस चालू आहे, मी म्हटलं.
धरणग्रस्त हा शब्द त्याला मराठीतच सांगितला.
त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला, बोटांवर मात्रा मोजत,
आणि मान हलवली. बसत नव्हता कशात.

यंत्रं कानात घातली तशी तो दचकला.
कागद एवढा वाजतो? हा घसा माझा?
काढून डबीत ठेवली. "गाताना नकोत.
गाताना मी आतून ऐकतो."
वाद घालायचा तर माझ्याकडं आलेख होता.
नाही घातला.

बाहेर, वेटिंग रूममध्ये, पाण्याचा कूलर.
बाटली अर्धी झालेली.
तो थांबला. अंगठी उतरवून तळहातानं थाप दिली,
मग बोटांनी. भरलेली असती तर बोलली नसती.
आणि गायला लागला, हळू, भिंतीकडं अर्धं तोंड करून.
रिसेप्शनिस्ट उठली. मी हातानं तिला थांबवलं.

पुढचा नंबर मिसेस ऑल्डरॉइडचा. वय एक्याऐंशी,
दोन्ही कान गेलेले, तीच गिरणी, तीच शेड.
"हा गायचा तिथं," त्या मला म्हणाल्या,
फार मोठ्यानं, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही.
"मागांपुढं कुणाला काय ऐकू येणार, पोरी?
आम्ही सगळ्या ओठ बघून बोलायचो,
तसं याचंही बघायचो.
शब्द कुठले, देव जाणे.
पण थांब, आता बघ,

आता तो डोळे मिटेल."

त्यानं मिटले.