फ्रिजच्या दारातली दहाची नोट

भोसरीत ओव्हरटाइम बंद झाला, त्या आठवड्यात
ऋजुतानं दहावीची अर्धी कोरी वही काढली,
मागच्या पानापासून सुरुवात केली
(पुढे भूमिती होती, ती तशीच राहू दिली)
आणि मला विचारलं,
"बाबा, मिठाचा पुडा केवढ्याला?"

मला माहीत नव्हतं.
सेहेचाळीस वर्षं मीठ खातोय.

कुंदाला माहीत होतं.
तिला हेही माहीत होतं की
धायरीच्या बाजारात दिवे लागल्यावर
मेथी निम्म्यावर येते,
आणि विकणारीलाही घरी जायची घाई असते,
म्हणून त्याच्याही खाली मागू नये.
डाळ आधी भिजवली तर दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद,
उरलेलं काम वाफ करते, तिला पगार नाही.
टूथपेस्ट संपली असं मी म्हणतो
त्यानंतर नळी कात्रीनं उभी कापली
की आत अजून आठ दिवस असतात.
शेखभाभी आणि ती मिळून तेलाचा डबा घेतात,
जिन्यात बसून वाटून घेतात, सांडू न देता,
आणि रिकामा डबा एकदा त्यांचा, एकदा आमचा.
आमच्या डब्यात आता कढीपत्ता आहे,
माझ्या गुडघ्याएवढा.

"हे कधीपासून करतेस?"
"लग्न झाल्यापासून."
"बोलली नाहीस."
"विचारलं नाहीत."

ऋजुतानं वहीत वेगळा रकाना आखला:
आईनं आधीच वाचवलेले.
तो बेरजेत धरायचा की नाही,
यावर अकरावी कॉमर्सला अजून उत्तर सापडलेलं नाही.
रकाना पेन्सिलीतच आहे.

माझ्या नावावर फारसं काही जमा नव्हतं.
कँटीनचा वडा सोडला, डबा धरला.
वडगावच्या सिग्नलला गाडी बंद करू लागलो,
पूर्ण नव्वद सेकंद.
मागचे हॉर्न वाजवतात.
वाजवू देत, त्यांचं पेट्रोल.

विजेचं बिल मात्र हटून बसलेलं.
दिवे बदलले, गिझरला कुलूप घालायचं तेवढं राहिलं,
आकडा होता तिथेच.
मग ऋजुतानं माझ्या खिशातून दहाची नोट काढली,
फ्रिजच्या दारात धरली, दार लावलं, ओढली.
ओल्या साबणासारखी सुळ्ळकन बाहेर.
"इथून जातात," ती म्हणाली.

दाराच्या कडेची करडी रबरी पट्टी.
बारा वर्षं आपटून आपटून सैल झालेली.
मेकॅनिकनं फोनवरच साडेआठशे सांगितले,
येण्याचे वेगळे.

कुंदानं पातेल्यात पाणी ठेवलं.
गुरुवार होता, नळ बंद,
पिंपातलं पाणी तिनं तांब्यानं मोजून घेतलं.
माझं जुनं बनियन बुडवलं, पिळलं,
आणि मुरगळलेला पाय शेकावा
तशी ती पट्टी शेकत गेली, कोपऱ्याकोपऱ्यानं.
चुण्यांतला काळा मळ जुन्या ब्रशनं काढला.
हिवाळ्यातलं उरलेलं व्हॅसलीन बोटावर घेऊन फिरवलं.
मग दार लावलं
आणि पट्टी बसावी म्हणून
दाराला पाठ टेकून उभी राहिली.

दहा मिनिटं.
हातात काही नव्हतं. कपडा नाही, चमचा नाही.
समोरच्या भिंतीकडे बघत नुसती उभी.
असं तिला याआधी कधी पाहिलंय,
मी आठवून बघितलं.
चहा टाकू का, म्हटलं.
"टाका. पण साखर वरच्या डब्यातली नको,
ती पाहुण्यांची."

चहानंतर नोट पुन्हा दारात धरली. ओढली.
हलेना.
खात्री करावी म्हणून मी जरा जोरात ओढली.

वहीत नोंद आहे:
तोटा, दहा रुपये. कारण, बाबा.

अर्धी नोट माझ्या पाकिटात,
अर्धी अजून दारात.
काढायला गेलो तर कुंदा म्हणाली, राहू दे,
पट्टी सैल झाली की आपोआप पडेल,
कळेल तरी.