सत्तेचाळिसावा तुकडा

आमच्याकडे दिवसाला तास नसतात.
पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे असतात,
आणि कुठल्या तुकड्यात किती ऊन पडेल
हे मी आदल्या दिवशीच लिहून देते,
मकरपुऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून,
जिथे खिडक्यांना काळी फिल्म आहे
आणि भर दुपारी ट्यूबलाइट लागते.

अंदाज चुकला तर दंड.
ढगाला नाही, आम्हाला.

भिंतीवर एकवीस सौर प्रकल्प. एकवीस हिरवे ठिपके.
एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.
पण राधनपूरकडच्याचा स्वभाव मला ठाऊक आहे.
उशिरा उठतो. धूळ खातो.
उत्तरायणानंतर त्याच्या तिसऱ्या रांगेवर
एक फाटका पतंग आठवडाभर पडून होता,
सव्वा टक्क्याची सावली,
ती मी इथे बसून ओळखली.

मंगळवारी, सत्तेचाळिसाव्या तुकड्यात,
तो राखाडी झाला.

लाल नव्हे. लाल म्हणजे बिघाड,
लालचं काय करायचं ते लिहिलेलं असतं.
राखाडी म्हणजे काहीच माहीत नाही.

उत्पादन शून्य, आकाश निरभ्र,
आणि फोन तीन.
पहिला पंकिलभाईंचा, "वैजूबेन, शुं थयुं?"
दुसरा मुंबईहून, ज्यांचा पैसा आहे त्यांचा.
तिसरा, ज्यांनी त्यांना पैसा दिला त्यांचा,
इंग्रजीत, फारच अदबीने.

नेमकी त्याच दिवशी बॅटरीची बैठक.
बॅटरी म्हणजे चाळीस फुटी पांढरे डबे, चौदा.
दुपार त्यांत भरायची, संध्याकाळी सातला विकायची,
तेव्हा तिला तिप्पट भाव येतो.
काचेपलीकडे पाहुणे विचारत होते
किती वर्षं टिकते, दरसाल किती झिजते,
वसुली कधी.
मला विचारलं असतं तर म्हणाले असते,
अकोट्याच्या पुलावरून खाली बघा.
विश्वामित्रीच्या चिखलात मगर सकाळभर ऊन पीत पडते
आणि रात्र त्यावर काढते.
तिचा हप्ता कुठल्या बँकेला जातो?
पण मला त्यांनी फक्त
एसी कमी करायला सांगितला.

लगधीर फोन कापत होता.
तिथला पहारेकरी तो, दोनशे एकरांवर एकटा माणूस.
पाचव्यांदा उचलला.
"मशीन तर चालूच आहे, बेन.
राऊटरमधलं कार्ड तेवढं मी काढलं.
माझं नेट संपलेलं.
भचाऊला पोरीला पोरगी झाली पहाटे,
तोंड बघायचं होतं."

म्हणजे ऊन पडतच होतं.
वीज तारेतून जातच होती,
कुठे तरी कुणाची तरी गिरणी तिच्यावर फिरत होती,
उपकेंद्रातल्या मीटरने एकेक युनिट मोजलंही होतं.
शून्य फक्त इथे होतं. भिंतीवर.

"घातलं परत. बघा."
ठिपका हिरवा झाला, पन्नासाव्या तुकड्याच्या तोंडाशी.
मी विचारलं, कुणासारखी आहे?
"डोळे उघडतच होती, बेन,
तेवढ्यात तुमचा फोन आला."

कारणाच्या रकान्यात अकरा पर्याय.
ग्रिड, इन्व्हर्टर, ढग, धूळ, माकड,
संपर्क तुटला.
त्यावर बाण नेला, थांबले,
सर्वांत खालचं 'इतर' निवडलं.
'इतर'ला साठ अक्षरांची जागा असते
आणि ती रिकामी सोडली तर पुढे जाता येत नाही.
लिहिलं: मुलगी झाली. दोघी सुखरूप.
सॉफ्टवेअरने ते घेतलं.
मग बुधवारचे शहाण्णव भरायला बसले.

सातला, तिप्पट भावाच्या वेळी,
पुलावर स्कूटर थांबवली.
दिव्यांच्या उजेडात चिखल दिसत होता,
आणि त्यात तिच्या पोटाचा
लांबलचक, अजून ओला ठसा.