आखूड चादर

लक्ष्मीपतीमामाच्या साडूने मस्कतहून जे मशीन आणलं
ते बीटाचं निघालं.
अशोक चौकात, सोड्याच्या गाडीमागे
दहा बाय आठचं दुकान टाकलं मामाने.
काउंटरवर मी, नववी नापास.

मामा गिऱ्हाइकाला टीव्हीजवळ न्यायचा,
चित्र थांबवायचा:
"बघा, हिच्या चमकीतला खडा दिसतो का नाही?
दस्तगीरच्या व्हीएचएसवर नाकसुद्धा अंदाजाने शोधावं लागतं."
खोटं नव्हतं ते.
लोक खडा बघायचे, मान डोलवायचे,
आणि विजापूर वेशीत दस्तगीरकडे जायचे.

दस्तगीरकडे अख्खा सिनेमा एका कॅसेटीत.
आमच्याकडे मध्यंतर कुठेही व्हायचं.
खलनायकाने पिस्तूल रोखलंय,
बोळात पन्नास माणसं, वर्गणी माणशी दोन रुपये,
आणि मी अंधारात दुसरी कॅसेट चाचपडतोय.
"का बे पोरा, झोपला का?"
एकदा चप्पल आली. मापावरून घरचीच वाटली.

मग शेजाऱ्याने व्हीएचएस घेतला म्हणून याने,
याने घेतला म्हणून याच्या व्याह्याने.
साखर उसनी आणायला वाटी कुठलीही चालते,
कॅसेटीचं तसं नसतं.

"अडाणी गाव," मामा म्हणायचा.
सत्यव्वामामी सुपातल्या विड्या वळत होती.
वर न बघता म्हणाली,
"सूत चांगलंय हो तुमचं, कोण नाही म्हणतंय?
पण चादर आखूड. पाय बाहेर राहतात.
थंडीत माणूस पोत बघत नाही."
मामाच्या बापाने हातमागावर जन्म काढला होता,
आणि यंत्रमागाने तो कसा संपवला
हे मामाने डोळ्यांनी पाहिलं होतं.
त्या रात्री तो जेवला नाही.

आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात.
माझ्या कपाटात एक कॅसेट उरलीय,
पद्माच्या लग्नाची, बीटाचीच.
मामी तिच्यात अक्षता टाकताना आहे,
नाकात चमकी,
आणि खडा, मामाची शपथ, स्पष्ट.

मशीन कुठे मिळेना, म्हणून दस्तगीरच्या मुलाला विचारलं.
तो कॅसेट उलटसुलट करत हसला:
"हेड साफ करायला स्पिरिट देतो चाचा,
पण आधी हेड तरी आणा."
चहा मात्र त्याने पाजला.