पाठ

अकरा वर्षं मी सोलीसरांची पाठच पाहिली.
तोंड कमी. तोंड सुटल्यावर, फाटकाबाहेर,
शेव-उसळीच्या गाडीवर जादा तर्री मागताना.

कामाठीबागेत, पुलाच्या अलीकडे,
पावणेसहाला ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे
आणि आम्ही सात-आठ जण त्यांच्या मागे.
सदऱ्याला डाव्या खांद्याखाली रफू,
मानेवर मसुराएवढा तीळ,
घामाचा नकाशा आधी मधोमध, मग खाली उतरत गेलेला.
त्यातलं प्रत्येक बेट मला तोंडपाठ होतं.

मी आखाड्यातून आलो होतो, दांडिया बाजारातून.
पाचशे जोर, लाठी, आणि उजवा गुडघा कामातून गेलेला.
सर म्हणाले, ढकल मला.
मी ढकललं.
ढकललं तिथे माणूसच नव्हता.
ओल्या गवतावर मी पालथा, विजारीवर हिरवे डाग,
आणि वरून सरांचा आवाज:
"दीकरा, बारणुं तो उघाडुं ज हतुं."
दार उघडंच होतं म्हणे,
खांदा मीच मारला.

पहिलं वर्ष नुसतं उभं राहण्यात गेलं.
कुंदा म्हणायची, उभं राहायला शिकायला जाता?
मग रेशनच्या रांगेत उभे राहा,
साखर तरी येईल घरात.

दुसऱ्या वर्षी पाय.
एक भरायचा, दुसरा रिता करायचा,
या घागरीतलं त्या घागरीत, काठावरून न सांडता.
रात्रपाळीला काचेच्या कारखान्यात
भट्टीतून निघालेला लाल गोळा नळीच्या टोकाशी फिरवताना
मला एकदम कळलं की हे मला येतं.
घाई केली की काचेत बुडबुडा राहतो.
हे मी सरांना सांगितलं नाही.
ते पुलावरून खाली बघत होते, विश्वामित्रीच्या गाळावर
तोंड उघडं टाकून पडलेल्या मगरीकडे.
तिला ते मोठ्या बाई म्हणायचे.

मग एका डिसेंबरात सर आले
आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले.
पुढची जागा मोकळी.
गवतात दोन टक्कल पडलेले ठसे, त्यांच्या पावलांचे.
कुणी हललं नाही.
मागून आवाज आला, "हेरंब, आगळ."

मी त्या ठशांवर उभा राहिलो. ते मला जवळजवळ पडले.
समोर पाठ नव्हती.
समोर पूर्व होती, आणि पाण्याची टाकी.
चौदाव्या हालचालीला मी विसरलो.
हात हवेत तसेच राहिले, छातीएवढे वर,
कुणाचं तरी बाळ धरल्यासारखे.
दोन श्वास. तीन.
मागे सगळे तसेच थांबले,
त्यांना वाटलं असंच असतं.
मग उजवा पाय आपणहून पुढे गेला.

गाडीवर सर पाव बुडवत म्हणाले,
ती थांबायची जागा चांगली होती.
मीही एकदा विसरलो होतो, पेनांगला, जहाज बंदरात असताना.
कुठे?
ते मात्र सांगितलं नाही.
बत्तीस वर्षं तुम्ही सगळे बरोबर तेच करता, म्हणाले,
आणि उसळीवर लिंबू पिळलं.

सर गेले त्याला आता तीन वर्षं झाली.
माझ्यामागे वीसेक जण असतात,
एक औषधाच्या दुकानातली मुलगी, दोन निवृत्त मामलेदार.
चौदाव्या हालचालीला सगळे थांबतात, तीन श्वास.
मी दुरुस्त केलेलं नाही.
आणि सरांचं ते एक विसरणं
माझ्या अंगात कुठेतरी चालू आहे,
कुठे ते मी रोज शोधतो, सापडत नाही.

स्वतःची पाठ कुणाला दिसते?

काल रात्री कुंदा
माझा सदरा दिव्याखाली धरून बसली होती,
सुईत दोरा ओवत.
डावीकडेच कसा हो उसवतो,
दरवेळी, खांद्याखाली?